एका चौकटीत दोन ओळी

रोवणीचा हंगाम आला की पवनी तालुक्यातल्या घराघरांत एक वही निघते. कोणत्या बांधीत किती बाया लागल्या, कोणाचे किती दिवस भरले, कोणाला आगाऊ पैसे दिले, पऱ्हे कोणाकडून आणले, ट्रॅक्टरचे किती तास झाले, हे सारे तिच्यात उतरते. पुढे धान कापून, चुरून, केंद्रावर मोजून झाले की तीच वही पुन्हा उघडली जाते आणि वर्षाचा जमाखर्च मांडला जातो.

ही वही आता पुष्कळ घरी मोबाइलमध्ये नाहीतर संगणकात गेली आहे. कॉलेजात शिकणारी मुलगी किंवा घरची सून तक्ता मांडते. वडील आणि सासूबाई तोंडाने सांगतात, ती भरत जाते. बेरीज यंत्र करते, खाडाखोड होत नाही, वहीला वाळवी लागत नाही. गोष्ट चांगलीच आहे. बचत गटाची वर्गणी, दूध संकलनाची नोंद, पाणीपट्टीची यादी, लग्नातल्या आहेराची यादीसुद्धा आता अशाच तक्त्यात ठेवली जाते.

पण माणूस नव्या घरी राहायला गेला तरी जुन्या सवयी बरोबर नेतो. कागदावरची एक सवय अशीच तक्त्यात शिरली आहे. दिसायला ती अगदी किरकोळ: एका चौकटीत एकाखाली एक अशा दोन-तीन ओळी लिहायच्या. कागदावर तिच्याने काही बिघडत नाही. यंत्राच्या तक्त्यात मात्र ती काही ठिकाणी फार उपयोगी पडते आणि काही ठिकाणी एखाद्या बाईची मजुरी गिळून टाकते. कुठे काय होते, अशी ओळ घालायची कशी आणि नको असेल तर काढायची कशी, हे समजून घेऊ या.

वाचणारा माणूस आणि वाचणारे यंत्र

जागा संपली की ओळ तोडायची, ही रीत लिहिण्याइतकीच जुनी आहे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. तिथे प्राचीन बौद्ध स्तूप आणि त्याच्या दगडी कठड्याचे भाग मिळाले. त्या दगडांवर दान देणाऱ्यांचे लेख ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत. दगडावर कोरणाऱ्यापुढे नेहमी एकच अडचण असे: दगड संपला की ओळही संपते. म्हणून जुन्या शिलालेखांत पुष्कळदा शब्दाच्या मध्येच ओळ तुटलेली आढळते. तरी जाणकार माणूस तो लेख वाचतो, कारण वाचताना तो अर्थ लावत जातो. खालच्या ओळीतली अक्षरे वरच्याच नावाची आहेत, हे त्याला उमजते.

यंत्र अर्थ लावत नाही. त्याला चौकट कळते, रांग कळते, रकाना कळतो. चौकटीच्या पोटात तुम्ही दोन माणसे बसवली आहेत की एकाच माणसाचे नाव दोन ओळींत लिहिले आहे, हे त्याला कळत नाही. त्याच्या लेखी ती एक चौकट, आणि तिच्यातली एकच गोष्ट. साऱ्या घोटाळ्याचे मूळ एवढेच आहे.

आपल्या सातबाऱ्याची गोष्ट

शेतकऱ्याला चौकटींचा कागद नवा नाही. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही; दोन्ही मिळून आपला सातबारा. एका गटावर चार भाऊ, दोन बहिणी आणि आई असे सात खातेदार असले, तर त्यांची नावे एकाच रकान्यात एकाखाली एक येतात. जुन्या हाताने लिहिलेल्या उताऱ्यांत ही नावे दाटीवाटीने बसत. एखादे नाव लांब असले की ते दोन ओळींत जाई. मयताचे नाव कंसात टाकले जाई. मग एक नाव कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, हे ओळखणे म्हणजे परीक्षाच. वरच्या ओळीतले आडनाव खालच्याचे की वरच्याचे, यावरून घोळ व्हायला वेळ लागत नसे.

राज्य सरकारने २०२० मध्ये सातबाऱ्याच्या रूपात काही बदल केले. त्यांतले तीन बदल आपल्या विषयाला अगदी लागू आहेत. खातेदाराच्या नावासमोरच त्याचा खाते क्रमांक देण्याचे ठरले. जुन्या झालेल्या नोंदींना कंस करण्याऐवजी त्यांच्यावर आडवी रेघ मारायची असे ठरले. आणि दोन खातेदारांच्या नावांमध्ये तुटक रेघ छापायची असे ठरले.

ही तुटक रेघ दिसायला क्षुल्लक आहे. पण तिचा अर्थ मोठा आहे. एक माणूस इथे संपला, दुसरा इथे सुरू झाला, हे ती ठामपणे सांगते. नुसती खाली गेलेली ओळ हे सांगू शकत नाही. त्यासाठी वेगळी खूण लागते. सातबाऱ्यावर जे काम तुटक रेघ करते, तेच काम आपल्या घरच्या तक्त्यात रांग करते. म्हणून एक सूत्र मनाशी धरावे: ओळ डोळ्यासाठी, रांग हिशेबासाठी.

हा तक्ता आला कोठून?

संगणकावरचा हा हिशेबी तक्ता फार जुना नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना डॅन ब्रिकलिन यांना त्याची कल्पना सुचली. वर्गात फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडलेला असे. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे पुसणे-लिहिणे यंत्राने केले तर? बॉब फ्रँकस्टन यांच्या साथीने त्यांनी ‘व्हिझिकॅल्क’ तयार केले आणि १९७९ मध्ये ते बाजारात आले. पुढे १९८५ मध्ये ‘एक्सेल’ आले, २००६ मध्ये ‘गूगल शीट्स’ आले. ‘लिबरऑफिस’ नावाचा विनामूल्य संचही आता पुष्कळ ठिकाणी वापरला जातो.

या सगळ्यांची घडण एकच. उभे रकाने, आडव्या रांगा, आणि दोन्ही जिथे छेदतात तिथे चौकट. तिलाच सेल म्हणतात. आपल्या जुन्या कीर्दीत जसा एक व्यवहार एका रांगेत लिहितात, तारीख, नाव, तपशील, जमा, नावे, तशीच ही मांडणी आहे. ज्याला कीर्द लिहिता येते त्याला हा तक्ता अवघड नाही.

ओळ म्हणजे एक न दिसणारे अक्षर

तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाचे यंत्र ज्यांनी पाहिले असेल त्यांना पुढची गोष्ट चटकन समजेल. ओळ संपली की तो डाव्या हाताने एक दांडी ढकलत असे. त्या एका ढकलण्यात दोन कामे होत: कागद एक ओळ वर सरके आणि गाडा पुन्हा सुरुवातीला येई. संगणकाने ही दोन्ही कामे अक्षरांसारखीच क्रमांक देऊन ठेवली आहेत. ओळ खाली जाण्याचा क्रमांक १० आणि गाडा मागे येण्याचा क्रमांक १३. चौकटीत आपण ओळ तोडतो तेव्हा तिथे १० क्रमांकाचे एक अक्षर बसते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण असते. तांदळातल्या पांढऱ्या खड्यासारखे. दाताखाली येईपर्यंत कळत नाही.

ओळ कशी तोडावी?

तक्त्यात नुसती एन्टरची कळ दाबली की आपण सरळ खालच्या चौकटीत जातो. त्याच चौकटीत खाली दुसरी ओळ हवी असेल, तर वेगळी युक्ती लागते.

विंडोजच्या संगणकावर एक्सेल असेल तर जिथे ओळ तोडायची तिथे टिंब आणून ऑल्ट ही कळ दाबून धरावी आणि एन्टर दाबावे. लिबरऑफिसमध्ये कंट्रोल दाबून धरून एन्टर दाबावे. गूगल शीट्समध्ये संगणकावर या दोन्ही जोड्या चालतात. अँड्रॉइड मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये चौकटीवर दोनदा टिचकी मारावी, ओळ तोडायच्या जागी बोट लावावे, मग तिथे दिसणाऱ्या निळ्या खुणेवर टिचकी मारली की छोटी यादी उघडते. तीत ‘न्यू लाइन’ असे लिहिलेले असते.

आणखी एक सोय आहे, तिला ‘रॅप टेक्स्ट’ म्हणतात. मजकूर लांब असेल तर चौकटीच्या रुंदीप्रमाणे तो आपोआप दोन-तीन ओळींत दुमडून दाखवला जातो. यात न दिसणारे अक्षर बसत नाही. ही घडी नुसती दिसण्यापुरती असते. रकाना रुंद केला की उलगडते. साडीची घडी आणि साडीला मारलेली टीप यांत जो फरक, तोच ‘रॅप टेक्स्ट’ आणि ऑल्ट-एन्टर यांत. नुसते लांब नाव चौकटीत मावत नाही म्हणून ओळ तोडू नये. तिथे घडी पुरते.

कुठे तोडावी?

ओळ तोडणे वाईट असे मुळीच नाही. जिथे मजकूर फक्त माणसाने वाचायचा आहे आणि एकाच माणसाचा किंवा वस्तूचा आहे, तिथे ती शोभून दिसते आणि उपयोगीही पडते.

पत्ता हे त्याचे उत्तम उदाहरण. घर, मोहल्ला, गाव, तालुका, जिल्हा असे एकाखाली एक लिहिले की पाकिटावर तसेच छापता येते. शेरा किंवा टीप लिहायची असेल तिथेही ओळी चालतात. ‘बांध फुटला होता. दोन दिवस पाणी ठरले नाही. पुन्हा रोवणी केली,’ असा शेरा तीन ओळींत लिहिला तर पुढच्या वर्षी वाचायला बरा पडतो. रकान्याचे मथळेही दोन ओळींत लिहिता येतात. ‘एकूण मजुरी’ वर आणि ‘रुपये’ खाली, म्हणजे रकाना अरुंद राहतो आणि छापलेला कागद एका पानात मावतो. मात्र मथळ्याची ही सोय घरच्या तक्त्यापुरतीच ठेवावी. यादी दुसऱ्या कार्यालयाला पाठवायची असेल तर मथळाही एका ओळीतच बरा.

कुठे तोडू नये?

आता रोवणीच्या मजुरीचे उदाहरण घेऊ. समजा, दहा बाया एका दिवसासाठी लावल्या आणि प्रत्येकीला ३०० रुपये ठरले. एकूण मजुरी ३,००० रुपये. तक्ता भरताना सीताबाई आणि गीताबाई या दोघी एकाच घरच्या जावा, म्हणून दोघींची नावे एका चौकटीत एकाखाली एक लिहिली. शेजारच्या मजुरीच्या चौकटीतही ३०० आणि त्याखाली ३०० असे लिहिले. डोळ्यांना सगळे ठीक दिसते. दोन नावे, दोन रकमा, समोरासमोर.

मग खाली बेरीज मागितली. यंत्राने उत्तर दिले २,४०० रुपये.

६०० रुपये गेले कुठे? ती दोन ओळींची चौकट यंत्राला आकडा म्हणून कळलीच नाही. आकड्याच्या मध्ये ओळ तोडणारे अक्षर आले की यंत्र त्या साऱ्याला मजकूर समजते, आणि बेरीज करताना मजकुराला वगळते. त्याने ना तक्रार केली, ना लाल खूण दाखवली. राहिलेल्या आठ जणींची मजुरी निमूटपणे जोडून दिली. मोजणी विचारली तर तेही नऊच म्हणेल, दहा नाही, कारण नावांच्या चौकटी नऊच आहेत. घरमालकाने त्या आकड्यावर विसंबून पैसे काढून आणले, तर वाटताना दोघींसाठी काही उरणार नाही. त्या दोघींनी तर दिवसभर चिखलात वाकून काम केलेले असते.

नावे आडव्या-उभ्या क्रमाने लावतानाही हाच अडथळा येतो. अक्षरांच्या क्रमाने यादी लावली की चौकटीतले पहिले नाव धरले जाते, दुसरे त्याच्यामागे फरफटत जाते. ‘ग’मध्ये गीताबाईंना शोधणाऱ्याला त्या सापडत नाहीत, कारण त्या ‘स’मध्ये सीताबाईंच्या पायाशी बसलेल्या असतात.

धानाच्या हिशेबातही तसेच. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरवला. वीस क्विंटल धानाचे ४७,३८० रुपये होतात. पण वजनाच्या चौकटीत २० लिहून त्याखाली दुसऱ्या ओळीत ‘क्विंटल’ असे लिहिले, तर यंत्राला गुणाकार करता येत नाही. वजनाच्या चौकटीत फक्त आकडा असावा. ‘क्विंटल’ हा शब्द मथळ्यात जावा. तारीख, रक्कम, वजन, क्षेत्र, बँकेचा खाते क्रमांक, आधार क्रमांक या चौकटींत ओळ कधीच तोडू नये.

म्हणून नियम सोपा ठेवावा. एक माणूस, एक रांग. एक गोष्ट, एक चौकट. दोघी जावा एका घरच्या असल्या तरी रांगा दोन. घर एक आहे हे दाखवायचे असेल तर ‘घर’ नावाचा एक वेगळा रकाना करावा आणि दोघींसमोर तेच नाव लिहावे. आपल्याकडे म्हणतातच, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

न दिसणारी ओळ

याहून फसवा प्रकार म्हणजे चौकटीत असलेली पण दिसत नसलेली ओळ. एक्सेलमध्ये ‘रॅप टेक्स्ट’ बंद असेल तर दोन ओळींचा मजकूर एकाच ओळीत सलग चिकटलेला दिसतो. ‘सीताबाईगीताबाई’ असे काहीतरी विचित्र नाव दिसले की समजावे, मध्ये ओळ लपलेली आहे.

कधी नावाच्या शेवटी, सवयीने दाबली गेलेली एक रिकामी ओळ राहते. नाव बरोबर दिसते, पण दुसऱ्या यादीशी ताडून पाहायला गेले की यंत्र म्हणते, असे नाव नाही. त्याच्या लेखी ‘सीताबाई’ आणि ‘सीताबाई व एक न दिसणारे अक्षर’ ही दोन वेगळी नावे. बँकेच्या शाखेचा आयएफएससी क्रमांक अकरा अक्षरांचा असतो. त्याच्या शेवटी असे बारावे अक्षर चिकटले तर तो क्रमांक जुळत नाही.

व्हॉट्सअॅपवर आलेली यादी तक्त्यात उतरवतानाही सावध असावे. मजकूर उचलून नुसत्या निवडलेल्या चौकटीवर ठेवला तर त्यातली प्रत्येक ओळ खालच्या खालच्या रांगेत जाते. चौकटीच्या आत शिरून, म्हणजे एक्सेलमध्ये एफ-२ ही कळ दाबून, मग ठेवला तर सगळ्या ओळी एकाच चौकटीत जातात. नावांची यादी असेल तर पहिली रीत बरी, कारण प्रत्येक नावाला आपली रांग मिळते. एकाच माणसाचा पत्ता असेल तर दुसरी रीत बरी. उलट झाले की एका माणसाचा पत्ता पाच रांगांत विखुरतो आणि मोजणीत तो पाच माणसांसारखा धरला जातो.

यादी एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पाठवताना पुष्कळदा ती ‘सीएसव्ही’ नावाच्या साध्या रूपात पाठवतात. तीत रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले असतात आणि ओळ संपली की रांग संपली असे धरतात. चौकटीतला मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत असेल तर चांगली प्रणाली आतली ओळ ओळखते. पण कच्ची प्रणाली तिथेच रांग तोडते. मग नाव वरच्या रांगेत, खाते क्रमांक खालच्या रांगेत, आणि दोन्ही रांगा अर्धवट.

बिघडलेला तक्ता कसा सुधारावा?

घाबरायचे कारण नाही. हे निस्तरता येते. आधी मूळ तक्त्याची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवावी. बी पेरायच्या आधी थोडे बाजूला काढून ठेवतो, तसे.

विंडोजवरच्या एक्सेलमध्ये कंट्रोल आणि एच या कळा दाबल्या की ‘शोधा आणि बदला’ची खिडकी उघडते. वरच्या ‘शोधा’च्या जागेत कंट्रोल दाबून धरून जे दाबावे. तिथे काही उमटल्यासारखे दिसत नाही, फार तर बारीक टिंब लुकलुकते. तेच ते न दिसणारे अक्षर. खालच्या जागेत एक मोकळी जागा द्यावी, म्हणजे शब्द एकमेकांना चिकटणार नाहीत. मग ‘सर्व बदला’ करावे. काम झाल्यावर वरची जागा खोडकळीने रिकामी करून ठेवावी. नाहीतर ते अक्षर तिथेच राहते, पुढचा शोध चुकतो आणि का चुकला ते कळत नाही.

गूगल शीट्समध्ये ‘शोधा आणि बदला’ उघडून ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’च्या चौकोनात खूण करावी आणि शोधायच्या जागेत उलटी तिरपी रेघ व तिला लागून इंग्रजी लहान एन हे अक्षर लिहावे.

‘क्लीन’ नावाचे सूत्रही आहे. ते न दिसणारी अक्षरे झाडून काढते, पण मध्ये जागा सोडत नाही. शेवटी चिकटलेली रिकामी ओळ काढायला ते चांगले, दोन शब्दांमधली काढायला नाही. ‘ट्रिम’ हे सूत्र जादा मोकळ्या जागा काढते, ओळ काढत नाही. दोघांची कामे वेगळी आहेत. एकाला दुसऱ्याचे काम सांगू नये.

दोन नावे एका चौकटीत अडकली असतील तर ती वेगळी करायला एक्सेलमध्ये ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ आहे. तीत ‘इतर’ या जागी कंट्रोल-जे दिले की नावे शेजारच्या रकान्यांत फुटतात. त्याआधी उजवीकडचे रकाने मोकळे आहेत ना, हे पाहावे. नाहीतर तिथला मजकूर पुसला जाईल. मग दुसरे नाव हाताने खालच्या नव्या रांगेत न्यावे. वीस-पंचवीस नावांच्या यादीला यापेक्षा मोठी हत्यारे लागत नाहीत.

यादीतले नाव

एवढ्या बारीक गोष्टीचा एवढा विचार कशाला, असे कोणी म्हणेल. यादीत नाव असणे आणि नसणे यांत काय अंतर असते, हे पवनी तालुक्याला समजावून सांगायची गरज नाही. याच तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्दचे धरण झाले. २२ एप्रिल १९८८ रोजी त्याची पायाभरणी झाली. ज्या घरांच्या जमिनी आणि गावठाणे पाण्याखाली गेली, त्यांना याद्या, उतारे आणि नावांची अक्षरे म्हणजे काय ते ठाऊक आहे. मोबदला, भूखंड, दाखला, अनुदान, सगळे यादीतल्या रांगेवरून येते. रांग नाही तर माणूस नाही.

मोठ्या देशांतही हे घडते. २०२० च्या करोनाच्या साथीत इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत. बीबीसीने तेव्हा कारण दिले होते ते असे: माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत घेतली जात होती, तीत ६५ हजारांच्या आसपासच रांगा मावतात, आणि एकेका नोंदीला अनेक रांगा लागत होत्या. रांगा संपल्या, पुढची माणसे बाहेर राहिली. तिथे एका माणसाच्या अनेक रांगा झाल्या, आपल्या उदाहरणात दोन बायांची एक रांग झाली. प्रकार उलटा, पण मूळ तेच. माणूस आणि रांग यांचा मेळ सुटला की माणूस हरवतो.

घरच्या घरी करायची तपासणी

तक्ता कोणी का भरेना, तपासणी घरातल्या सर्वांना करता येते. त्यासाठी संगणक यायलाच हवा असे नाही.

पहिली गोष्ट, माणसे मोजावीत. बांधीत किती बाया होत्या हे आजीलाही माहीत असते. तक्त्यातल्या रांगा तितक्याच आहेत का, ते विचारावे.

दुसरी गोष्ट, एक ढोबळ हिशेब तोंडी करावा. दहा बाया, प्रत्येकी तीनशे, म्हणजे तीन हजार. यंत्राचा आकडा वेगळा आला तर यंत्राचे खरे मानून पुढे जाऊ नये, चौकटी तपासाव्यात.

तिसरी गोष्ट, आकड्यांच्या रकान्याकडे नजर टाकावी. आकडे सहसा चौकटीच्या उजव्या कडेला चिकटतात आणि मजकूर डाव्या कडेला. सगळे आकडे उजवीकडे आणि एकच डावीकडे असेल, तर तो आकडा नाही, मजकूर आहे. शेंगांत एखादी किडकी ओळखावी तितके हे सोपे आहे.

चौथी गोष्ट, एखादी रांग इतरांपेक्षा उंच दिसली तर थांबावे. तिच्यात कुठेतरी दुसरी ओळ आहे. पत्ता किंवा शेरा असेल तर ठीक. नाव किंवा रक्कम असेल तर लगेच वेगळी करावी.

पाचवी गोष्ट, यादी पुढे पाठवण्याआधी ज्यांची नावे आहेत त्यांना ती वाचून दाखवावी. बचत गटाच्या बैठकीत पाच मिनिटे त्यासाठी काढावीत. आपले नाव ऐकू आले नाही तर बाई लगेच बोलते, “माझे कुठे गेले हो ताई?” हा प्रश्न यंत्राला कधी सुचणार नाही.

वहीतून तक्त्याकडे जाताना वहीतली शहाणपणाची रीत सोडायची नाही. जुन्या कीर्दीत एका व्यवहाराला एक रांग असे, आणि शेवटी तोंडी बेरीज करून मगच खाली रेघ मारत. तक्त्यातही तेच करावे. पत्त्याला, शेऱ्याला खुशाल दोन ओळी द्या. पण ज्याने घाम गाळला आहे, ज्याचे पैसे आहेत, ज्याच्या नावे जमीन आहे, त्याला त्याची स्वतःची एक पूर्ण रांग द्या. येत्या रोवणीचा तक्ता मांडायला घ्याल तेव्हा पहिला रकाना नावाचा करा, आणि एका चौकटीत एकच नाव लिहून सुरुवात करा.